तांबडा आधी

उद्यमनगरात, दोन लेथच्या मधल्या बोळात
ट्रेलर मागं घेत लावला तेव्हा साडेबारा झाले होते.
शालन चौगुले सवयीनं म्हणाल्या,
"पंगतीची वेळ."
मग स्वतःच हसल्या.

गंगावेशीत बावीस वर्षं खानावळ चालवली दोघी जावांनी,
थोरली शालन, धाकटी रत्नमाला.
गेल्या दिवाळीला पातेली विकली
आणि हे घेतलं :
उसाच्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर पत्र्याचं घर,
दोन बाकं, एक खिडकी,
आणि दारावर आधीच्या मालकानं काढलेला
एका पायाचा मोर.

"दोन दिवे, एक पंखा, मोबाईलचं चार्जिंग,"
रत्नमालावहिनींनी बोटांवर मोजलं.
"मिक्सरचा पॉइंट?" मी विचारलं.
दोघींनी माझ्याकडं असं बघितलं
की मी पाना शोधायला खाली वाकलो.

शंभर अँपिअरची बॅटरी. उचलताना वय कळतं.
फळीवर ठेवली, पट्ट्यानं आवळली.
तांबड्या वायरीत, बॅटरीपासून वीतभरावर, फ्यूज घातला.
जळायचंच झालं तर ही चिमूटभर पट्टी जळावी,
तुमचं अंथरूण नको.
"आधी तांबडा," मी म्हणालो, "आणि मग..."
"पांढरा," शालनवहिनी.
"यात पांढरा नसतो. काळा."
"मग कसलं जेवण हे."

काळा चॅसीला आवळला.
दिवा लागला नाही.
दहा मिनिटं मी बल्बवर संशय घेतला,
बॅटरीवर घेतला, ती देणाऱ्या शेटजींवर घेतला,
मीटरची टोकं टेकवत टेकवत
शेवटी स्वतःच्याच बोल्टपाशी आलो.
बोल्टखाली हिरवा रंग. गुळगुळीत.
मोराच्याच डब्यातला उरलेला.

रंगातून वीज माघारी येत नाही.
जायला एक तार पुरते,
यायला उघडं लोखंड लागतं.
कानस घेतली, रुपयाएवढी जागा घासली,
खाली सांगाडा चकाकला, त्याच्या उसाच्या दिवसांसारखा.
तेव्हा कुठं लागला.

बोलेरोपासून वायर आणली ती जाणारी आणि येणारी, दोन्ही.
परतीसाठी हुकावर भरवसा ठेवू नये,
तो खड्ड्याखड्ड्याला हात सोडतो.
मधे रिले बसवला आणि समजावून सांगितला :
इंजिन चालू, तर दोन्ही बॅटऱ्या एका ताटात.
इंजिन बंद, की वेगळी चूल.
इकडं रात्रभर पंखा फिरू दे,
सकाळी गाडी उपाशी राहणार नाही.
रत्नमालावहिनी म्हणाल्या,
"हे आमच्या सासूबाईंना कुणी सांगितलं असतं तर."
थोरलीनं जावेकडं पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
मग पिशवीतून पैसे काढून मोजायला लागली.

रात्री सव्वाअकराला फोन.
राधानगरीच्या पुढून कुठूनतरी, आवाज तुटत होता.
"दस्तगीर, दिवा घालवायचा कुठनं?"
उठून बसलो.
बटण बाहेर होतं, पायरीच्या वर.
माझ्या हाताला सोपं पडलं म्हणून तिथं बसवलं होतं.
झोपणाऱ्याचा विचार केला नव्हता.
"वहिनी, जरा बाहेर यावं लागंल."
"बाहेर गवा हुबा हाय."
भात संपला म्हणावं, तशा सुरात.

मागून धाकटी बोलली :
"बावीस वर्षं शेवटचा दिवा आपणच घालवला की.
ऱ्हाऊ दे आज."

अंधारात मनाशी हिशेब केला.
पाच वॅटचा दिवा, अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही,
बॅटरी निम्मी होईपर्यंत पाच दिवस जातील.
"राहू दे," म्हणालो.

फोन ठेवायचा त्या विसरल्या.
थोडा वेळ पंखा ऐकू आला,
पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज,
आणि शालनवहिनी, हळू आवाजात :
"जेवला असंल का गं त्यो?"